दाजींच्या ढाब्याचा हिरवा बोर्ड

आधी हातातला चहा संपवा बघू. हे ऐकताना घोट घेतलात तर तो नाकातून येईल. माझी अब्रू गेलीच आहे, तुमचा शर्ट कशाला खराब करता?

वडवणीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, हार्दिक अभिनंदन! तीच ती जाडजूड अक्षरं काढून मी विटलो होतो. म्हणून मी स्वतःचाच एक फॉन्ट बनवला. पुढच्या जमान्यातला! अक्षरांवरची रेघ उडवली, गोलाईचे काटकोन केले, उभे दांडे मधोमध चिरले. नाव ठेवलं 'उद्या'. एकच शब्द मोठ्ठा लिहावा आणि माणसानं बघतच राहावं, असा थाट. फक्त तो कशावर लिहावा, हेच ठरत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, स्वतःचा ट्रक विकला आणि मांजरसुंब्याच्या पुढं ढाबा टाकला. नाव 'गारवा'.

"पाव्हणं, अक्षर साधं काढा," दाजी म्हणाले. "ट्रकवाल्याला लांबून वाचाया यावं."

"दाजी, लोक गाड्या थांबवून बघतील!"

"बघून काय करत्यात? जेवाया पायजेत ना!"

पण ऐकेल तो कलाकार कसला? काळाकुट्ट बोर्ड केला. अख्खं अक्षर रेडियमचं करणं मला गावठी वाटलं, म्हणून हिरवं रेडियम फक्त कडांना लावलं. अंधारात कसं दिसतं ते बघितलं का? छे! कॉम्प्युटरवर फक्कड दिसत होतं की!

उद्घाटन दिवेलागणीला, आण्णांच्या हस्ते. आण्णा म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. ते आले की त्यांच्यामागं अर्धा तालुका जेवायला येणार. नाही आले, तर दाजींचा ट्रकही गेला आणि ढाबाही. आण्णांना वेळेवर आणायचं काम माझ्याकडं. त्यांचा ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून जीप तेच चालवत होते. ढाब्याची जागा मी एकदाच बघितली होती, तीही शेड उभं राहायच्या आधी, भर उन्हात.

मांजरसुंबा मागं पडलं आणि त्या पट्ट्यातली लाईट गेली. सगळीकडं धुरकट अंधार. वारा पडलेला. एक कुत्रं भुंकेना.

आणि उजव्या हाताला, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, हिरव्या काड्या दिसल्या. अधांतरी! आमचा उजेड पडला तशा त्या पेटल्या, आम्ही पुढं गेलो तशा विझल्या. खाली पांढरं काहीतरी उभं होतं. ते हात हलवत होतं.

आण्णांनी काच वर केली. मीही केली.

"काय होतं रं ते?"

"काय न्हाई आण्णा. ढाबा पुढंच हाय."

पुढं पेट्रोल पंप आला, ढाबा काही आला नाही. गाडी वळवली. परत त्याच काड्या! आता ते पांढरं रस्त्याकडं दोन पावलं सरकलं होतं. आण्णांनी गाडी अशी हाणली की थेट मांजरसुंब्याचा चौक आला.

मी दाजींना फोन लावला. "कुठं हाव तुमी?"

"बोर्डाखाली! दोनदा गेलात की समोरून. हात केलता मी!"

बोर्ड? आम्हाला तर कुठंच बोर्ड दिसला नव्हता! मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन बंदच केला.

"चकवा हाय," ते हळूच म्हणाले. "माझा बाप मेंढरं घेऊन फिरायचा, त्याला लागलता. रातभर एकाच बाभळीला फेऱ्या. घरच्या माणसाचा आवाज काढतंय ते."

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं; पण फीत कापायची राहिली होती, म्हणून गाडी परत वळवली.

तिसऱ्यांदा काड्या दिसल्या तशी आण्णांनी करकचून ब्रेक दाबला, दिवे मालवले. "उतर. सदरा काढ, उलटा घाल. चकव्याला हाच उतारा."

मिट्ट काळोखात, हायवेच्या कडेला आम्ही दोघांनी सदरे काढले, उलटे घातले आणि डोळे मिटून हात जोडले. आण्णा खंडोबाचं नाव घेत होते. मला तर तेही आठवेना.

आणि लाईट आली!

डोळे उघडले तर समोर झेंडूच्या माळा, मांडलेल्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर अख्खा गोतावळा. पांढऱ्या कपड्यांत दाजी, हातात मोबाईल. त्यांच्या डोक्यावर माझा बोर्ड. सगळे आमच्या सदऱ्यांच्या शिवणी बघत होते.

आण्णांनी मान वर केली. "हे काय लिव्हलंय?"

मीही वर बघत राहिलो. देवाशपथ सांगतो, ट्यूबलाईटच्या उजेडातही पहिलं अक्षर मलाच लवकर लागेना!

तशाच सदऱ्यात आण्णांनी फीत कापली. दाजींचं मात्र भलं झालं. आण्णांना चकवा लागला ती जागा बघायला लोक आष्टीपासून येऊ लागले, आणि आले की जेवूनच जातात. दाजींनी नवा बोर्ड स्वतः ब्रशनं रंगवला. अक्षर वाकडं आहे, पण चौकातून वाचता येतं.

आणि माझा? तो त्यांनी भुईमुगाच्या रानात उभा केलाय. तेव्हापासून एक रानडुक्कर फिरकलेलं नाही.

"पाव्हणं," दाजी भेटेल त्याच्यासमोर म्हणतात, "तुमचं अक्षर लई कामाचं निघालं बरं का!"

मी हसून मान डोलावतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, दिवस मावळला की त्या रानाकडं मीही फिरकत नाही.