टेकाडावरचा नळ

माझं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. तिथेही पाण्याची बोंब असायची, पण नळ निदान घरात होता. लग्न होऊन पारोळ्याजवळच्या या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हातात चुंबळ दिली. हंडा डोक्यावर नीट बसावा म्हणून खाली ठेवायची ती कापडाची गुंडाळी. आमचं घर टेकाडावर एकटंच, विहीर पार खाली. खाली उतरताना आम्ही दोघी गप्पा मारायचो, वर चढताना नुसती धाप. सासूबाईंनी तर उभा जन्म ही चढण चढली. त्यांची मान दुखायला लागली होती. दारात नळ यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुढे गावाला नळयोजना मंजूर झाली. निधी सरकारचा, जागा मात्र गावानं फुकट द्यायची. टाकीला उंच जागा हवी होती आणि ती वेळेत मिळाली नाही तर मंजुरी परत जाणार होती. गावात उंच जागा एकच, आमचं खळं. ते सासूबाईंच्या नावावर. सरपंच आमच्या ओसरीवर येऊन बसले. गाव त्यांना नाना म्हणतं. ज्या खळ्यावर सासूबाई कुणाला चपला घालून येऊ देत नसत, ते मागायचं कसं म्हणून ते नुसतेच पावसापाण्याचं बोलत राहिले. शेवटी सासूबाईच चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "लिखी देस. पन पयला नय मना दारमा लागाले जोयजे."

"अक्का, पयला तुम्हनाच," नाना म्हणाले.

नानांनी शब्द पाळला. पहिला नळ आमच्याच दारात बसला. पाणी मात्र सगळ्या गावाला आलं आणि आम्हाला आलं नाही.

कारण समजायला फार डोकं लागत नव्हतं. योजनेतून प्रत्येक नळाला तोटी मिळाली होती. तोटीनं धार बारीक होते असं गावाचं पक्कं मत, म्हणून पहिल्याच दिवशी लोकांनी त्या काढून टाकल्या. पाणी सुटलं की सगळे नळ मोकळे. टाकीतलं पाणी आमच्या भिंतीजवळून थेट उतारावर धावायचं आणि आमचा नळ नुसती हवा सोडून फुसफुसायचा. खाली हंडे भरून झाल्यावरही पाणी वाहतच राहायचं. गल्ल्यांत चिखल झाला, डास झाले. मग ग्रामसभेत ठरलं की गटारीच्या निधीसाठी प्रस्ताव पाठवायचा. आधी सरकारच्या पैशानं पाणी आणायचं, मग ते सांडायचं, आणि सांडलेलं वाहून न्यायला पुन्हा सरकारकडेच हात पसरायचा! मी तिथे तसं बोलले. लोक हसले आणि प्रस्ताव मंजूर झाला. मला इतका संताप आला की घरी येऊन मी रिकामी कळशी आपटली.

लोकांना तोट्या परत बसवायला लावा, असं सासूबाई नानांना दोनदा सांगून आल्या होत्या. "बठ्ठासले सांगस," सगळ्यांना सांगतो, असं ते दोन्ही वेळा म्हणाले होते. आम्ही पुन्हा चुंबळ घेऊन खालीच जात होतो, फक्त विहिरीऐवजी दुसऱ्यांच्या नळावर.

एका सकाळी त्यांनी अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं. टाकीची जागा गावाला लिहून दिली होती, पण तिच्याकडे जायची वाट आमच्या अंगणातून होती आणि ती लिहून घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पाणी सोडणारा आला, कुलूप बघून गेला. थोड्या वेळानं नाना आले, त्यांच्यामागे बाया, म्हातारे, अर्धं गाव. ऊन चढलं होतं. लोक फाटकाशी पोचले ते धापा टाकतच. काहींनी तर गुडघ्यांवर हात टेकले.

"अक्का, कुलूप काबर लाई दिधं?" नानांनी विचारलं.

"चढ कसा वाटना?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी मला आतून हंडा आणायला सांगितलं. "बसा. पानी पी ल्या. खालतीनच आनेल शे."

मी एकेकाला पेला देत गेले. मला भारी आनंद होत होता, खोटं कशाला बोलू? म्हातारे पाणी प्यायले, बायांनी माना खाली घातल्या. नानांनी पेला परत देताना एवढंच विचारलं, "तोट्या लाई दिध्यात तर पानी चढी ना?" आणि तसेच खाली उतरले. दुपारपर्यंत घराघरांतून तोट्या निघाल्या, कुणाच्या फडताळातून, कुणाच्या पोरांच्या खेळण्यांतून. ज्यांच्या हरवल्या होत्या त्यांनी नळाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली. मग सासूबाईंनी कुलूप काढलं.

आमचा नळ आधी नेहमीसारखा फुसफुसला, मग खोकला आणि मग त्याला करंगळीएवढी धार लागली. सासूबाई हंडा भरेपर्यंत समोर उकिडव्या बसून राहिल्या. हंडा भरला तशा त्या उठल्या, खुंटीवरची चुंबळ काढून डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "हात लाव."

नळापासून चूल दहा पावलांवर होती. मला हसू आलं.

"हसाले काय व्हयनं तुले?" त्या करवादल्या. मग त्यांनी चुलीकडे पाहिलं, डोक्यावरची चुंबळ काढली आणि ती हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. हंडा मी कमरेवर घेतला आणि आत नेला.