फत्तूजीचा पिंपळ

आनंदराव मेश्राम गियरच्या सायकलवर पहिल्यांदा बसला तो पन्नाशीत. त्याआधी पंचवीस वर्षं त्यानं सायकलच चालवली होती, पण ती काळी, दांड्याची, मागं दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन लटकवलेली. बेहडाटोल्याहून सानगडीपर्यंत सतरा किलोमीटर, रोज जाणं-येणं. रस्ता मुरमाचा. आधी चुलबंद नदीच्या काठाकाठानं, मग सागाच्या रानात, मध्ये दोन नाले. हा रस्ता कुठल्या खात्यानं बांधलेला नव्हता. बेहडाटोल्याच्या लोकांनी दर उन्हाळ्यात टोपल्यांनी मुरूम वाहून तो घातला होता, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा भरला होता.

बारा वर्षांपूर्वी टोला उठला. तीस-बत्तीस घरं अभयारण्यातून काढून लाखनीच्या अलीकडं हायवेला लागून वसवली. जोरजबरदस्ती झाली असं कुणी म्हणू शकत नाही. सह्या घेतल्या होत्या, आणि सगळ्यात पहिली सही आनंदरावचीच होती. त्याला कारण होतं. त्याची बायको सरिता भर पावसाळ्यात साप चावून गेली. बाजेवर घालून तिला नाल्यापर्यंत नेलं आणि पुढं पाणी. चार तास माणसं बाज धरून नाल्याच्या अलीकडं उभी राहिली. पाणी उतरलं तेव्हा दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळं साहेब लोक कागद घेऊन आले तेव्हा त्यानं पोराचा, अतुलचा, विचार केला आणि पेन उचललं.

सगळ्यात शेवटची सही त्याच्या थोरल्या बहिणीची, पंचफुलाची. ती त्याच टोल्यात दिलेली, तरुणपणी विधवा झालेली. आनंदराव तिला बाई म्हणे. सही करताना ती फक्त एवढंच बोलली होती, "मी बाबाचं झाड सोडून चालली, हे कागदावर लिवा."

साहेबांनी अर्थातच लिहिलं नाही.

बाबा म्हणजे फत्तूजी मेश्राम. छप्पन साली बाविशीतला हा माणूस दोन दिवस पायी चालत वरठीला पोचला, तिथून रेल्वेनं नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन परत आला. आल्यावर त्यानं विहिरीच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोपटं मुळासकट काढून टोल्याच्या मधोमध लावलं आणि पुढं त्याला दगडाचा पार बांधला. त्या पारावर बसून तो लोकांना अक्षरं शिकवायचा. पंचफुला तिथंच शिकली. कुणाच्या अंगात आलं, कुणाला चकवा लागला, कुणाची लेक भुतानं धरली, की फत्तूजी कंदील घेऊन हजर. "भूतबित काई नसते. पोरीले ताप आहे, तिले दवाखान्यात न्या." आयुष्यभर त्यानं हे एकच वाक्य पंचक्रोशीत फिरून सांगितलं. लोक हसले, चिडले, आणि हळूहळू पोरींना दवाखान्यात नेऊ लागले.

नव्या वस्तीत नळ होता, शाळा होती. अतुल शिकला आणि वरठीला कारखान्यात लागला. आनंदरावला मात्र काम उरलं नाही. चराई नाही म्हणून गाई विकल्या, गाई नाहीत म्हणून दूध गेलं. कधी विटा उचल, कधी कुणाच्या गोदामावर बस. दारासमोरून दिवसभर ट्रक जायचे. घरात बोलायचं तरी आवाज चढवावा लागे.

अशात चार वर्षांपूर्वी नागपूरची एक कंपनी आली. पाहुण्यांना सायकलवरून जंगलात फिरवायचं, मोटारी नाहीत, धूर नाही, हॉर्न नाही, फक्त मुरमाची वाट आणि नदी. परवानगी त्यांनी मिळवली होती. रस्ता माहीत असलेला माणूस हवा होता. कंपनीचा व्यवस्थापक अमर वस्तीत विचारत आला आणि सगळ्यांनी आनंदरावच्या घराकडं बोट दाखवलं.

पहिल्या दिवशी कंपनीची जाड टायरची सायकल घेऊन तो अभयारण्याच्या फाटकातून आत शिरला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटावी इतका आनंद झाला. आठ वर्षांनी तो या वाटेवर आला होता. कुठं उतार लागतो, कुठं वाळू आहे, कुठल्या वळणावर अंग आत झुकवायचं, सगळं हातापायांना आठवत होतं. मागं कॅनचं ओझं नव्हतं. नदीकाठच्या सपाटीवर तो इतका जोरात गेला की पाहुणे मागं राहिले आणि त्याला थांबावं लागलं.

टोल्याच्या जागी भिंती बसल्या होत्या. अंगणांत डोक्याएवढं गवत. विहिरीवर लोखंडी जाळी. मधोमध पिंपळ, होता त्याहून मोठा.

"इथं गाव होतं का?" एका पाहुण्यानं विचारलं.

"हो. आमचाच टोला होता."

मग त्यानं सांगितलं. सरिताचं, नाल्याचं, सह्यांचं. पाहुणे गप्प झाले आणि परतीच्या वाटेवरही गप्पच राहिले. संध्याकाळी अमरनं त्याला बाजूला घेतलं. तो काही वाईट पोरगा नव्हता.

"काका, मले समजते. पण लोक सुट्टी काढून येतात. त्यांना असं उदास करून पाठवलं तर पुन्हा कोण येईल? काही मजेदार सांगा ना. ओसाड गाव आहे, एवढा मोठा पिंपळ आहे. भुताचं सांगा."

"भुताचं?"

"गोष्टच तर आहे. कोणाचं काय जाते?"

पुढच्या आठवड्यात पाराजवळ पाटी लागली. हिरव्या लोखंडावर पांढरी अक्षरं, 'भुताचा पिंपळ'. आनंदराव पाटीसमोर थोडा वेळ उभा राहिला. काढून फेकावी असं वाटलं, पण तसं केलं तर उद्या ही वाटही बंद होणार होती. त्यानं पाहुण्यांकडं तोंड वळवलं आणि सुरुवात केली.

आधी अडखळत सांगायचा. मग जमत गेलं. इथं एक गाव होतं. पिंपळावर एक बाई दिसायची, ओल्या लुगड्यातली. एकेक घर आजारी पडलं आणि एके दिवशी अख्खं गाव चुली पेटत्या टाकून पळालं. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं थांबून वर फांद्यांकडं बघायचं, हे त्याला कळू लागलं. पाहुणे शहारायचे, हसायचे, पाठीवर थाप मारायचे. कुणीतरी दर वेळी विचारायचं, "म्हणूनच या रस्त्यावर कुणी नाही का?" आणि तो म्हणायचा, "हो साहेब, म्हनूनच."

तीन वर्षं त्यानं हे सांगितलं. घरी कुणाला बोलला नाही. वस्तीतल्या कुणाला आत जायला मिळत नव्हतं, त्यामुळं पाटीही कुणी पाहिली नव्हती. पंचफुला अधूनमधून विचारायची, "झाड कसं हाये?" तो सांगायचा, "मस्त हाये बाई. पालवी फुटली." मग ती म्हणायची, "एकदा मले नेजो. डोळ्यानं पाहाचं हाये." तो हो म्हणायचा. एकदा त्यानं खरंच अमरला विचारलं होतं. पाहुण्यांच्या यादीत नाव असल्याशिवाय फाटकातून सोडत नाहीत, आणि चौसष्ट वर्षांची बाई सायकलवर कशी बसणार, असं उत्तर मिळालं. ते त्यानं तिला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पंचफुलाच्या नातीनं, भावनानं, फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि धावत आजीकडं नेला. भावनाचा जन्म वस्तीतला. बेहडाटोला तिनं कधी पाहिलेलाच नव्हता.

"आजी, आनंदाआजोबानं भूत पाहिलं."

पंचफुलानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग आनंदरावला बोलावणं पाठवलं.

तो आला तेव्हा ती ओसरीवर बसली होती. फोन तिनं त्याच्या हातात दिला. पडद्यावर तोच होता, कंपनीची टोपी घातलेला, मागं बाबाचा पिंपळ, आणि डोळे मोठे करून ओल्या लुगड्याची बाई सांगत होता. खाली लोकांनी हसणारी तोंडं टाकली होती.

"हे काहून केलं तू?" पंचफुलाचा आवाज चढला नव्हता.

"कंपनीनं सांगलं, बाई. गोष्टच होय ते."

"बाबा त्या पारावर बसून काय सांगे?"

तो फोन खाली ठेवून ओसरीच्या कडेला टेकला.

"सांग ना. तुले एवढं बोलता येते त सांग."

"भूत नसते म्हने."

"अन् ओल्या लुगड्यातली बाई कोन होय? नाल्यावर ओली झालती ते?"

आनंदरावनं तिच्याकडं पाहिलं. ही गोष्ट रचताना त्याच्या डोक्यात सरिता आलीच नव्हती, असं तो शपथेवर सांगू शकला असता. पण आता ते शब्द ऐकल्यावर त्याला दुसरं काही दिसेना. बाजेवरून लोंबणारा पदर, त्यातून गळणारं पाणी. तीन वर्षं तो तिलाच झाडावर बसवून लोकांना हसवत होता. तो तसाच उठला आणि चप्पल न घालता घरी गेला.

त्यानंतरच्या शनिवारी चौघे पाहुणे होते, पुण्याचे, दोन नवरा-बायकोच्या जोड्या. पाटीसमोर सायकली थांबल्या. आनंदरावनं टोपी काढून हातात घेतली.

"हे पाटीवर लिवलेलं खोटं हाये. हे झाड माझ्या बापानं लावलं. इथं भूत नव्हतं, मानसं होती. आमाले इथून हलवलं म्हनून रस्ता रिकामा हाये. आमीच होतो या रस्त्यावरची गर्दी."

त्यानं फत्तूजीचं सांगितलं, दोन दिवसांच्या चालण्याचं सांगितलं, पारावरच्या अक्षरांचं सांगितलं. यावेळी तो नीट, क्रमानं बोलला. चौघांनी ऐकून घेतलं. एक बाई म्हणाली, "किती वाईट ना." एकानं घड्याळाकडं पाहिलं. मग दुसऱ्यानं जरा संकोचून विचारलं, "म्हणजे ती भुताची स्टोरी नाहीच का? आम्ही व्हिडिओ बघून आलो होतो."

"नाही."

"ओके. फोटो काढला तर चालेल ना पण?"

त्यांनी फोटो काढले, पाटी नीट दिसेल असे.

सोमवारी अमरनं फोनवर आलेला अभिप्राय वाचून दाखवला. रस्ता अप्रतिम, एकही गाडी नाही, गाईड मात्र निगेटिव्ह. अमरनं फोन खिशात ठेवला. "काका, तुमचं वय पण झालं आता," तो दुसरीकडं बघत म्हणाला. सायकल, टोपी आणि शिटी आनंदरावनं त्याच दिवशी परत केली. त्याच्या जागी भूपेंद्र नावाचा साकोलीचा पोरगा आला. त्यानं टोला कधी पाहिला नव्हता, पण व्हिडिओ त्याला पाठ होता.

आनंदराव पंचफुलाकडं गेला. खरं सांगून नोकरी गेली, हे ऐकून तिचा राग उतरेल असं त्याला वाटत होतं. ती सुपात तांदूळ निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, पाहुण्यांनी काय विचारलं तेही. ती ऐकत राहिली, बोटं थांबली नाहीत.

"तीन सालात किती लोकायले सांगलं असशील भुताचं?"

"हजारेक."

"अन् खरं?"

त्याला पहिल्या दिवशीचे पाहुणे आठवले, पण ते किती होते हे आठवेना. "चार," तो म्हणाला.

पंचफुलानं एक खडा उचलून अंगणात टाकला. त्यानं वाट पाहिली. ती पुढचा खडा शोधू लागली, म्हणून मग तो पाणी पिऊन निघाला. आता तो लाखनीला एका टायरच्या दुकानात हवा भरायला बसतो. पंचफुला त्याच्याशी बोलते, सणावाराला जेवायला बोलावते. झाड कसं आहे, हे मात्र ती विचारत नाही.