त्या दिवशीचा प्रश्न

ओमानमधल्या एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत मी सहा वर्षे कामगारांना इंग्रजी शिकवले. शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपले की मेसच्या पत्र्याच्या टेबलांवर आमचा वर्ग भरे. त्यात रत्नागिरीकडच्या नाटे गावचा एक तांडेल होता. गावी स्वतःची होडी चालवलेला, वयाने माझ्याएवढा, इथे रंगारी.

"सर, पापलेट साफ करायला सांगा, झटक्यात करतो," तो म्हणे. "ही तुमची स्पेलिंगं घशात काट्यासारकी अडकतात." सगळे हसत, मीही हसे.

समजले नाही असे म्हणणाऱ्याला मायदेशी धाडतात, हे मी पाहिले होते. म्हणून त्यांना एक सवय लावली: साहेबाने काहीही विचारले तरी आधी 'येस सर', अर्थ मला नंतर विचारायचा. पाढ्यांसारखे ते मी त्यांच्याकडून घोकून घेतले. पुढे साहेब माझ्या विद्यार्थ्यांच्या अदबीची तारीफ करू लागले. मला ते बक्षीस वाटले, हे कबूल करायला हवे.

एके दिवशी तांडेल न बांधलेल्या शिडीवरून पडला. पाठीचा कणा दुखावला. चौकशीला दुभाषा म्हणून मला बसवले होते. अधिकाऱ्याने इंग्रजीत प्रश्न विचारला. मी मराठीत सांगण्याआधीच तांडेलाने माझ्याकडे पाहिले आणि धडा पाठ असलेल्या विद्यार्थ्यासारखे खणखणीत म्हणाला, "येस सर."

अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाला, "छान शिकवलंत."

मी किंचित हसलो. त्याला प्रश्नच कळलेला नाही, एवढे एक वाक्य बोलायचे होते. माझ्या कराराची मुदत त्याच महिन्यात वाढायची होती. चूक त्याची ठरली आणि त्याला घरी पाठवले.

मी रत्नागिरीला परतलो त्याला आता तीन वर्षे झाली. नाटे इथून फार लांब नाही. तरी तिथे जायला मला गेला महिना उजाडला.

पडवीत खांबाला पाठ टेकून तो जाळे विणत होता. "सर! तुमी कशाला एवढी तसदी घेतलाव?" उठायला गेला, उठता आले नाही. चहा आला. निवत चालला. शेवटी मी म्हणालो, "चौकशीच्या वेळी मी गप्प राहिलो. बोलायला हवं होतं."

त्याने जाळ्याची एक गाठ आवळली. मग त्याने विचारले, "सर, तवा त्यानं मला ईचारलं काय होतं?"

इतक्या वर्षांत त्याला ते कोणीच सांगितले नव्हते. मी सांगितले, "शिडी बांधलेली नाही, चढू नका, असं तुम्हांला बजावलं होतं, ते समजलं होतं का?"

त्याचे हात थांबले.

"नाय," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण या वेळी माझ्याकडे न पाहता.