हवा नगण्य माना

भूकंपानंतर दोन वर्षं झाली तरी लातुरात माणसं स्लॅबखाली बसायला बिचकत. म्हणून आमच्या फिजिक्सच्या सरांनी क्लास पत्र्याच्या शेडमध्ये हलवला होता. वारा सुटला की पत्रे थडाथडा वाजत, सर नोट्सवर डस्टर दाबून धरत आणि ओरडून सांगत, "हवेचा रोध नगण्य माना." आम्ही उडती पानं पकडत तेच लिहून घ्यायचो.

माझे वडील, अण्णा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जवानांना रायफल शिकवण्यात त्यांची उमर गेली. माझ्या बारावीसाठी आम्ही हदगाव सोडून इथं खोली घेतली होती. रविवारच्या चाचणीवर पहिली तुकडी ठरणार होती आणि त्याच तुकडीतली पोरं मेडिकलला जातात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नेमकं त्याच आठवड्यात अण्णांनी माझ्या वहीत ते हवेचं वाक्य वाचलं आणि ते भडकले.

त्यांनी भाजीची दोन गाजरं उचलली. एकाचं नाक बोथट ठेवलं, दुसऱ्याचं टोकदार कोरलं आणि बूडही निमुळतं केलं. मग दोन्ही बादलीतल्या पाण्यातून ओढून दाखवली. बोथट गाजरामागं भोवरे उठले.

"बघ माय, शंभर मीटरवर फरक कळत न्हाई. पाचशेवर बोथट गोळी लवकर दमती. वारा तिला लई ढकलतो."

दुसऱ्या दिवशी ते गाजरं घेऊन थेट क्लासात आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तुमचं बरोबर आहे. पण परीक्षेत हवा नसते."

"मग पोरं श्वास कशानं घेतेत?" अण्णांनी विचारलं.

रविवारी प्रश्न आला: सारख्या वजनाच्या दोन गोळ्या, एक बोथट, एक टोकदार, वेग आणि कोन तोच, लांब कोणती जाईल? सरांनी तो मुद्दाम घातला होता. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, दोन्ही सारख्याच. चार मार्क मिळाले आणि पहिली तुकडीही.

काय लिहिलंस, असं अण्णांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ते बाहेर गेले, पेढे घेऊन आले आणि घरोघर वाटत सुटले. क्लासातली गोष्ट एव्हाना गल्लीभर झाली होती. शेजाऱ्यानं चेष्टेनं विचारलं, "सुभेदार, मग हवा हाय का न्हाई?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आमची पोरगी न्हाई म्हणती, म्हंजी न्हाई."

आयुष्यभर पोरांना वाऱ्याचा अंदाज घ्यायला शिकवलेला माणूस हे बोलत होता. मी दाराआड उभी होते आणि मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती.