तक्क्याची गादी

सोफे-खुर्च्या भरून देणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली मुकेकाका म्हणायची. बारीक काळे खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा आणि हातोडीने ठोकायचा, असा धंदा. त्यात बोलायला जागाच कुठे? गिऱ्हाइकाने "कधी देणार?" विचारलं की काका एक बोट वर करत. एक आठवडा, असा त्याचा अर्थ. तो आठवडा पुढे मारुतीच्या शेपटासारखा लांबत जाई, ही गोष्ट वेगळी.

पुढे दुकान, मागे एक खोली. बायको वारली, मुलगी लग्न होऊन नदीपलीकडे राहायला गेली, आणि मग काकांना घरातही तोंड उघडायचं कारण उरलं नाही. अशात कुणाचा तरी जुना सोफा दुरुस्तीला आला. काकांनी त्याचं पोट उसवलं, तर आत काथ्यात रुतून बसलेलं कुत्र्याचं पिल्लू! आई कुठे गेली, भावंडं कुठे गेली, देव जाणे. काकांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले आणि मालकाला म्हणाले, "सोफा न्या तुमचा. हे राहू दे."

ठासून भरल्यासारखं गोल पिल्लू, म्हणून नाव पडलं तक्क्या. त्याच्याशी मात्र काका दिवसभर बोलत. "हा पट्टा ढिला वाटतो का रे?" तक्क्या शेपूट हलवायचा. इतकं मन लावून आपलं ऐकणारं कुणी काकांना आजवर भेटलं नव्हतं. तसं ते फार थोड्यांना भेटतं.

पुढे दृष्ट लागावी तसं झालं. एका सकाळी तक्क्याच्या अंगावर गांधी उठल्या. केसांचे झुपके जागोजागी उभे राहिले, पापण्या सुजून डोळे बारीक झाले, आणि तो मागच्या पायाने मान खाजवत सुटला तो रक्त येईपर्यंत. गल्लीत फुकटच्या सल्लागारांना काय तोटा? कुणी म्हणालं खरूज, कुणी म्हणालं उष्णता, आणि एकाने तर कुत्र्याला पित्त होतं म्हणून त्याला लवकर जेवायला घालायला सांगितलं.

काका त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, गांधी बसल्या. दोन दिवसांनी पुन्हा उठल्या.

"ॲलर्जी आहे, काका," बाई म्हणाल्या. "कशाची, ते शोधावं लागेल. खाण्यातली एकेक गोष्ट बंद करून बघू. आणि घरात धूळ फार असते का?"

"धूळ?" काका दुखावले. "दोन वेळा झाडतो मी. येऊन बघा हवं तर."

खोटं नव्हतं ते. पण काकांच्या लेखी धूळ म्हणजे रस्त्यावरून दारात येते ती. कापसाचा कीस, पिसांचा भुगा, लोकांनी वर्षानुवर्षं बसून दाबलेल्या जुन्या भरणातून उडणारी पूड, हा सगळा माल. मालाला कुणी धूळ म्हणतं? पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा, तोही पिठाला धूळ म्हणायचा नाही. बाईंना वाटलं घर स्वच्छ आहे, आणि त्या खाण्याच्या मागे लागल्या.

अंडी बंद झाली, दूध बंद झालं, मटण बंद झालं. तक्क्या उकडलेल्या बटाट्यांवर आला आणि त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. औषधी साबणाने अंघोळी झाल्या. खाज काही हटेना. काकांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. अंग सोलवटलेलं, त्यात फरशी टोचते म्हणून त्यांनी तक्क्यासाठी गादी शिवली. आत काय भरलं? एका मोठ्या घरच्या आरामखुर्चीतून निघालेली जुनी पिसं, हाताने पिंजून, फुलवून. असलं मऊ भरण ते गिऱ्हाइकालाही देत नसत. तक्क्या त्यावर निजला आणि सकाळी दुपटीने सुजून उठला. काकांना वाटलं, अजून टोचतंय. त्यांनी गादी उसवली, पिसं पुन्हा पिंजली, आणखी भर घातली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा, पण त्या माणसाला कोण सांगणार? तो बिचारा मायेने करत होता.

मग एका दुपारी तक्क्याचं तोंड फुगलं आणि त्याच्या श्वासातून शिटीसारखा आवाज येऊ लागला. काका त्याला उचलून दुकान सताड उघडं टाकून धावले. बाईंनी वाचवला त्याला. पण हात धुताना त्या म्हणाल्या, "आज घशापर्यंत सूज आली होती. पुढच्या वेळी इथे पोचेपर्यंत तो टिकेल असं मी सांगू शकत नाही. काही दिवस त्याची जागा बदलून बघा."

तक्क्या मुलीकडे गेला. तिथे तो अंडी खाऊ लागला, मटण खाऊ लागला, आणि त्याला काहीही झालं नाही. महिन्याभरात केस भरून आले. मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा काका आनंदाने अर्धवट खुर्ची तशीच सोडून, अंगावरच्या कामाच्या स्वेटरनिशी नदीपलीकडे गेले. तक्क्याने अंगावर उडीच घेतली. काकांनी त्याला छातीशी धरलं, तोंडाला तोंड घासलं. चहा संपायच्या आत त्याच्या पापण्या सुजल्या.

मुलीने धावत जाऊन गोळी आणली, ती त्याच्या घशात ढकलली, आणि मग ती बापाच्या स्वेटरकडे बघत राहिली. लोकरीत पिसांचा भुगा अडकला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही धूळ..."

"माल आहे तो," काका सवयीने म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. इतके महिने आपण याला कवटाळत होतो, आपल्या हाताने याचं अंथरूण करत होतो. "मीच का गं?" त्यांनी विचारलं. मुलीने तक्क्याला उचलून आतल्या खोलीत नेलं.

माणूस इतक्यात हार मानतो थोडाच! पुढच्या वेळी काका डोकं घासून न्हाले, कोरे कपडे घालून गेले. गांधी कमी उठल्या, पण उठल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धंदा आणि जागा दोन्ही सोडलीत तर जमेल कदाचित. काकांनी त्याचीही खटपट केली. किराणा दुकानात विचारलं, शाळेच्या फाटकावर बसायचं काम मागितलं. या वयात हात थरथरतात म्हणून कुणी ठेवून घेईना. दाभण धरताना तेच हात थरथरत नसत, पण ते कुणाला दाखवणार? आणि राहायची खोली तर दुकानाच्याच पोटात.

शेवटी एका रविवारी ते गेले आणि मुलीच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. तक्क्या आतून धावत आला. मागच्या दोन पायांवर उभा राहून फाटकावर नखं घासू लागला, रडू लागला. गजांमधून त्याने जीभ बाहेर काढली. काकांनी हात खिशात घातले.

"बस खाली," ते म्हणाले. "तिथेच बस. ऐक माझं."

तो बसला. काका त्याच्याशी बराच वेळ बोलले, तेवढ्या लांबून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता. मुलगी कडी काढायला आली तर त्यांनी तिला मान हलवून नको म्हटलं. मग ते निघाले. वळण येईपर्यंत तक्क्याचं भुंकणं त्यांना ऐकू येत होतं. वळून बघायचा त्यांचा धीर झाला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, एकही गांध उठली नाही आज. अंग एकदम साफ आहे."

हेच वाक्य ऐकायला काकांचा जीव किती दिवस तळमळत होता.

"बरं झालं," ते म्हणाले. "मग मी यापुढे बाहेरूनच येत जाईन."