उजवा पाय आधी

मुलांनो, तुम्ही पुन्हा जहाजाच्या सहलीला बोलावलंत. मी नको का म्हणते, ते सांगते. आज सकाळी सोसायटीच्या जनरेटरमधून डिझेलचा वास आला आणि आजोबांबरोबरच्या सहलीतली ती होडी आठवली. बेट बघायला मोठ्या जहाजातून लाटांवर हलणाऱ्या होडीत उतरायचं होतं. तुमच्या आजोबांचा डावा गुडघा अधू, म्हणून खलाशी म्हणाला, “काका, डावा पाय आधी.” आजोबा माझ्याकडे बघून पुटपुटले, “नव्या जागी डावा पाय टाकू?” त्यांनी उजवा टाकला, सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला आणि तो मुडपला. दोघा खलाशांनी त्यांना वर जहाजावर ओढलं. होडी आम्हाला न घेताच गेली. “तू तरी जायचंस,” ते म्हणाले. “मग त्या गुडघ्याला बाम कोण चोळणार?” मी म्हटलं. मग दोघंही दमून डेकवर बसून राहिलो. आता आजोबा नाहीत; तेव्हा त्यांना सोडून गेले नाही, आता त्यांच्याशिवाय कशाला जाऊ? डेकवरून काढलेला बेटाचा पुसट फोटो आहे.