कालच्या वाऱ्याचं पाणी

पवनचक्कीचं चाक ढिम्म उभं होतं आणि तिच्या पाइपातून टाक्यात धो धो पाणी पडत होतं. नागपूरहून आलेले आमचे साहेब टोपी काढून वर बघत होते. त्यांच्या मागे उभा राहून मी घाम पुसत होतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी सरकारी पवनचक्की योजनेत ज्युनिअर इंजिनिअर, पोस्टिंग वर्ध्याला. ही चक्की वीज करणारी नव्हे, पाणी उपसणारी. वारा चाक फिरवतो, चाकाला जोडलेला लोखंडी दांडा खालीवर होतो आणि विहिरीतला पंप पाणी वर ढकलतो. देवळीजवळच्या एका खेड्यात गुलाबराव नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर मी ती बसवली होती, गव्हाला पाणी द्यायला. पण चाक हलायलाच वाऱ्याला एक किमान वेग लागतो. त्याला कट-इन स्पीड म्हणतात. आमच्याकडे तेवढा वारा सुटतो पावसाळ्यात, म्हणजे शेताला पाणी नको असतं तेव्हा. गव्हाच्या दिवसांत तो येतो जावयासारखा, त्याच्या मर्जीनं. मी तसं वर कळवलं आणि साहेब पाहणीला आले. चक्की बिनकामाची ठरली, तर उतरवून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची होती.

“गुलाबराव, चाक तर बंद आहे,” साहेब म्हणाले. “मग पाणी कसं येतंय?”

गुलाबराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. उत्तर त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी दिलं. “काल लय फिरलं न जी चाक. त्याचंच येऊन राह्यलं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीत पाहिलं.

“आणि हा फटफट आवाज?”

“गिरणी हाये गावातली.”

“त्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागून धूर निघतोय.”

“सैपाक करून राह्यलो न जी तुमच्यासाठी. वांग्याची भाजी हाये.”

पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. त्या ढिगामागे गुलाबरावांच्या थोरल्या भावाचं डिझेल इंजिन लपवलेलं होतं, हे मला एव्हाना कळलं होतं. पण बोललो असतो तर चक्की गेली असती. माझ्या हातची ती पहिली चक्की. माझा जीव होता तिच्यावर.

साहेब मूळचे हिशेबखात्यातले. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “इनर्शिया असेल का हो?”

“बघतो, सर,” मी म्हणालो.

तेवढ्यात खरोखरीचा वारा आला. बांधावरचे कडुलिंब सळसळले, चाकानं आळोखेपिळोखे दिले आणि ते गरगर फिरायला लागलं. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. नेमकं तेव्हाच ढिगामागचं इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. डिझेल संपलं होतं. पाइपातली धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग तेही नाही.

आता चाक भिंगरीसारखं फिरत होतं आणि पाण्याचा पत्ता नव्हता. इंजिनाचा पाइप चक्कीच्या पाइपात घालायला या मंडळींनी सकाळी चक्कीचा दांडाच सोडून ठेवला होता.

“वारा नव्हता तर पाणी होतं,” साहेब म्हणाले. “वारा आला तर पाणी गेलं. काय प्रकार आहे हा?”

सुमनबाई पुढे आल्या. “साहेब, खोटं केलं, मानते मी. तुमी चक्की घेऊन जासान म्हून केलं.”

“अहो बाई, पण हिच्यानं गहू भिजत नाही!”

“नाई भिजत. मले मालूम हाये. पन घरी आठ जनावरं हायेत. बादल्या ओढू ओढू माहे खांदे गेले होते. आता दिसा नाई त राती, कवातरी वारा येते न टाकं भरते. माह्या मर्जीनं नाई भरत, पन भरते.”

“मग त्याला इंजिन आहे की.”

“थे भासऱ्याचं हाये, यायच्या थोरल्या भावाचं. रोज मांगायले जा लागते. वाऱ्यासाठी कोनाच्या दारी जा लागते काजी?”

साहेबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग मला म्हणाले, “दांडा जोडा.”

मी दांडा जोडून खाली उतरेपर्यंत वारा पडला. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, चाकाकडे बघत. भाजी झणझणीत होती, वारा काही आला नाही.

पंधरवड्यानं साहेबांचा शेरा आला. सिंचनास निरुपयोगी, जनावरांच्या पाण्यास उपयुक्त, जागेवरून हलवू नये. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, ‘पाहणीच्या वेळी वारा गैरहजर होता.’ मी तो कागद वाचून ऑफिसात एकटाच हसलो आणि संध्याकाळी सायकल काढून सुमनबाईंना सांगून आलो.

त्यानंतर मी आणखी बऱ्याच चक्क्या बसवल्या. मागायला येणारा प्रत्येक शेतकरी आधी विचारायचा, “साहेब, वारा पुरंल का?” मी उलट विचारायचो, “वारा येईल तेव्हा येईल, टाकं केवढं बांधताय?”